टिपवर कर नसतो हो, रीलमध्ये सांगितलंय!

ट्रेनरभाऊ, ट्रेनरताई, अभिनंदन! 'आता टिपवर इन्कम टॅक्स नाही, यादीत ट्रेनरसुद्धा आहेत!' ही रील गेल्या आठवड्यात मला सहा ग्रुपवर आली, म्हणजे तुम्हाला साठ तरी आल्या असतील. तेव्हा वेळ न दवडता पुढचे सल्ले अमलात आणा.

सगळ्यात आधी, कायदा कुठल्या देशाचा आहे हे चुकूनही बघू नका. तो अमेरिकेचा आहे, 4 जुलै 2025 ला त्यावर सही झाली. व्यायाम प्रशिक्षक यादीत आहेत हे खरं, पण वजावट वर्षाला 25,000 डॉलरपर्यंत, तीही 2025 ते 2028 एवढीच, आणि फक्त ग्राहकाने स्वखुशीने दिलेल्या टिपवर. असले तपशील वाचले की पंप उतरतो. तुम्ही डोंबिवलीत पीटी (पर्सनल ट्रेनिंग) घेता आणि कर वॉशिंग्टनला भरता, असंच धरून चला.

टिपला 'गिफ्ट' म्हणायला शिका. गिफ्ट वर्षाला 50,000 पर्यंत करमुक्त, हे आपल्याला पाठच असतं. दिवाळीचं पाकीट तुम्ही क्लायंटला स्क्वॉट शिकवलेत म्हणून मिळालं, म्हणजे ते कामातून आलेलं उत्पन्न झालं, अशा किरकोळ शंका मनात आणू नका. व्हे प्रोटीनचा पाच किलोचा डबा किंवा फोन मिळाला, तर तो प्रेमाने दिलाय म्हणा. आयकर खातं प्रेमाला फार मानतं.

जिममध्ये पगारावर असाल तर सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा हॉटेलांच्या टिपचा निकाल अर्धाच वाचा. ग्राहकाने कार्डावर दिलेली आणि मालकाने नुसती पुढे वाटलेली टिप हा पगार नव्हे, मालकाने त्यावर पगाराचा टीडीएस (पैसे देतानाच कापून ठेवायचा कर) कापायची गरज नाही. बस, इथे थांबा. तीच रक्कम तुमच्या हातात 'इतर स्रोतांतून उत्पन्न' म्हणून करपात्र ठरते, हे वाचायची गरज नाही. 75,000 ची प्रमाणित वजावट पगारापुरतीच असते, टिपला लागत नाही, हेही सोडून द्या.

टिप लिहून ठेवू नका. तारीख, नाव, रक्कम, रोख की यूपीआय असे चार रकाने भरायला वेळ कुणाला आहे? दंडाचा घेर तेवढा दर सोमवारी लिहा.

यूपीआयने तर घेऊच नका.

आता महत्त्वाचं. क्लायंटने फ्रंट डेस्कवर दिलेली टिप आणि तुमचा पीटीचा वाटा जिमने एकत्र करून 'कमिशन' या नावाने खात्यात टाकला, तर खूश व्हा. कलम 194एच, टीडीएस फक्त 2 टक्के! व्यावसायिक फीच्या 194जे मध्ये 10 टक्के कापले असते. मालक किती मोठ्या मनाचा! फक्त एवढंच, की कमिशनचं उत्पन्न असणाऱ्याला 44एडी ची (छोट्या धंद्यांनी ठरावीक टक्के नफा धरायची) सोय मिळत नाही. म्हणजे यूपीआय-बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के नफा धरून आयटीआर-4 या सोप्या विवरणपत्रात सुटण्याची वाट बंद, मग लांबलचक आयटीआर-3 आणि हिशेबाच्या वह्या. (व्यावसायिकांसाठीच्या तशाच 44एडीए कडेही बघू नका, त्या यादीत वकील, डॉक्टर, वास्तुविशारद आहेत, जिम ट्रेनर नाही.) 'अहो, मी कमिशन एजंट नाही, लोकांना व्यायाम शिकवतो,' हे पटवून द्यायचं काम तुमचं, आणि सीएची फीही तुमचीच. का? तर अकाउंटंटने गेल्या वर्षीची एक्सेल कॉपी केली! काही जिम तर त्याच्याही पुढे आहेत. टीडीएस कापतात, आणि भरतच नाहीत. पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत तो सरकारजमा व्हायला हवा, तिमाहीचं विवरण जायला हवं, तुमच्या हातात फॉर्म 16ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, पडायला हवा. 16ए मागितला की मालक 'देतो रे, पळून चाललोय का?' म्हणतो. पळून कुणीच जात नाही, पैसे तेवढे जातात. कलम 205 प्रमाणे कापलेला कर तुमच्याकडून परत मागता येत नाही, पण 26एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, नोंद नसली की संगणक क्रेडिट देत नाही, आणि मागणीची नोटीस येते ती तुमच्याच नावाने, मालकाच्या नाही.

पुरे झाली ही थट्टा. एक हिशेब डोळे उघडे ठेवून वाचा. आर्थिक वर्ष 2025-26. जिमकडून 194जे खाली 9,00,000 मिळाले, टीडीएस 90,000 कापला गेला. टिप 60,000. एक रुपया खर्च न दाखवता सगळंच उत्पन्न धरलं तरी 9,60,000. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत 87ए ची सूट आहे. कर शून्य. पूर्ण 90,000 परत मिळतात. आणि तुम्ही काय करता? ज्या टिपवर एक पैसाही कर लागत नव्हता ती लपवायची म्हणून विवरणपत्रच भरत नाही! वर गृहकर्जाला बँकेने तीन वर्षांचे आयटीआर मागितले की जिमच्या पायरीवर बसून सरकारला शिव्या.

रील करणाऱ्यांनो, तुम्हाला तर काय बोलावं! ट्रम्पच्या सहीचा कागद दाखवून इथल्या पोराला विवरणपत्र भरू नको म्हणता, याची काही लाज?

आणि ट्रेनर मंडळी, 140 किलोचा डेडलिफ्ट मारणाऱ्याला पोर्टलवर लॉगिन करायची भीती वाटते? ई-फाइल, मग इन्कम टॅक्स रिटर्न्स, मग व्ह्यू फॉर्म 26एएस. कर निर्धारण वर्ष 2026-27 (म्हणजे आर्थिक वर्ष 2025-26 चं) निवडा. जिमचं नाव, कलम आणि रक्कम तुमच्या बँक स्टेटमेंटशी एकेक करून जुळवा. कमिशन लिहिलं असेल तर मालकाला त्याचं टीडीएसचं विवरण दुरुस्त करायला लावा, तेही लेखी मागून. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत, पण तुमच्या 2025-26 च्या विवरणपत्राला जुनाच कायदा लागू आहे, ती सबब चालणार नाही.

आणि ती रील पुढे ढकलणं आजच्या आज बंद करा.