जेलीला हात लावू नये

जेली हा पदार्थ आपल्या लोकांच्या स्वभावात बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आपलं सगळं पाकशास्त्र हात घालण्यावर उभं आहे. पिठलं घोटायचं, खीर तळापासून ढवळायची, मुरांबा तर मुरायच्या आधीच रोज झाकण काढून बोटाने चाखायचा. शिवाय गॅसजवळून जो जाईल त्याने पातेल्यातला डाव एकदा फिरवून जायचं, हा घरोघरचा अलिखित कायदा. जेलीला यातलं काहीही खपत नाही. फडकं पिळू नका, उकळताना उगाच ढवळू नका, बाटलीत भरल्यावर हलवू नका, तिरकी करून बघू नका. एवढा सोवळेपणा आमच्या घरात देवालाही मिळत नाही.

तरी मी करवंदाची जेली करायला घेतली. कारण शास्त्रीय होतं. जेली जमायला पेक्टिन (फळातला रस गोठवणारा पदार्थ), आंबटपणा आणि साखर या तीन गोष्टी लागतात, आणि पहिल्या दोन करवंदात मुळातच भरपूर असतात. म्हणजे साखर तेवढी विकत आणायची. हे मी घरात समजावून सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "आणि गावाला जायचं पेट्रोल?" काही लोकांना शास्त्र समजून घ्यायचंच नसतं.

करवंदं फुकट मिळतात असं म्हणणाऱ्याने ती फक्त पानाच्या द्रोणात पाहिलेली असतात. कर्जत-कसाऱ्याच्या बाजूला स्टेशनवर द्रोण घेऊन बसलेल्या बाईशी आपण पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. माझं ऐका, एकदा जाळीत हात घालून या, मग करा घासाघीस. करवंदीचा काटा सरळ, टणक आणि जोडीने येतो. एक चुकवायला जावं तर त्याचा भाऊ कोपरात घुसतो. सगळ्यात टपोरी, काळीभोर करवंदं जाळीच्या बरोबर मध्यभागी असतात. ती तिथे कुणासाठी ठेवलेली असतात, मला कळलेलं नाही. गुरं तिथे जात नाहीत, माणसं जाऊ शकत नाहीत, आणि पक्षी वरची खाऊन तृप्त असतात.

त्यात चीक. करवंदाचं कुळ चाफ्याचं आणि रुईचं, त्यामुळे देठ तुटला की पांढरा चीक आलाच. पहिल्या दहा मिनिटांत बोटं एकमेकांना चिकटली. मग घाम पुसला, तेव्हा भुवई चिकटली. कातळाचा सडा तापलेला, संगमेश्वराकडचं मे महिन्यातलं ऊन, आणि वहिनी बांधावर उभी राहून सांगत होत्या, "भाऊजी, आधी हाताला खोबरेल लावायचं होतंत." वहिनींना कुठलीही गोष्ट बरोबर वेळ निघून गेल्यावर आठवते. त्यांची स्वतःची किटली अर्धी भरली होती आणि हातावर ओरखडाही नव्हता.

मदतीला चिरंजीव होते. त्यांना वहिनींनी कोंबडा-कोंबडी शिकवलं. करवंद फोडायच्या आधी ओळखायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. खेळ झकास आहे, पण करवंद फोडायला दात लागतात. त्यामुळे चिरंजीवांच्या किटलीतलं प्रत्येक फळ तपासून, चावून, निकाल लावून आत टाकलेलं होतं. वर त्यांचा दावा, की सगळे कोंबडे एका बाजूला ठेवलेत.

खरी पंचाईत पुढेच झाली. पेक्टिन फळ पिकत जातं तसं मोडत जातं. म्हणून जेलीला नुसती पिकलेली चालत नाहीत, थोडी लालसर, कच्ची लागतात. हे ऐकून वहिनी दुखावल्या. "कच्ची लोणच्याला असतात हो. पिकलेली असताना कच्ची कशाला नेता?" मी पेक्टिनचा विषय काढला. 1825 साली आंरी ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळं करून दाखवलं, हेही सांगितलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चुलीकडे वळून कुणाला तरी म्हणाल्या, "भाऊजींना ऊन लागलंय, ताक द्या."

कुंभार्ली घाट चढून पुण्याला येईपर्यंत गाडीत आंबूस वास भरला होता आणि तळातल्या करवंदांनी आपला रस स्वतःच काढायला सुरुवात केली होती. पोचल्या पोचल्या निवडून, धुऊन, बुडतील एवढ्या पाण्यात शिजायला घातली. शिजताना करवंद नाटक फार करतं. आधी पांढरा चीक सुटतो, कडेने गुलाबी फेस चढतो, पाणी गढूळ होतं आणि आता हे टाकूनच द्यावं असं वाटायला लागतं. मग हळूहळू तो गढूळपणा जातो आणि दाट, लालबुंद रंग उतरतो. चीक जातो तो पातेल्याच्या काठावर. तिथे त्याची एक रबरी कडा बसते, जी घासणीला दाद देत नाही. बायकोने ती नखाने खरवडून पाहिली आणि म्हणाली, "हे पातेलं आता तुझं."

इथवर ठीक होतं. आता गाळणं. फडक्यात बांधायचं, टांगायचं आणि रात्रभर ठिबकू द्यायचं. पिळायचं नाही, कारण पिळलं की गर उतरतो आणि जेली गढूळ होते. मी धुतलेला पंचा घेतला, झोपाळ्याच्या कडीला गाठोडं टांगलं, खाली पातेलं ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं की हात लावायचा नाही. आईने गाठोड्याकडे पाहिलं. श्रीखंडाच्या चक्क्यात तिची हयात गेलेली. "अरे, पण वजन नाही ठेवलंस?"

"ठेवायचं नसतं, आई."

"मग निघणार कसं ते?"

"आपोआप."

आपोआप हा शब्द आईच्या पिढीला मान्य नाही. पहाटे मी उठलो तर गाठोडं कडीवरून उतरून चाळणीत बसलेलं, वर ताटली आणि ताटलीवर वरवंटा. शेजारी आई चहा पीत समाधानाने बसलेली. "चांगला पेलाभर जास्त निघाला बघ. सगळं वाया चाललं होतं." पातेल्यातला रस नदीच्या पहिल्या पुरासारखा दिसत होता. तो मी फ्रिजमध्ये निवळत ठेवला, फ्रिजच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो आणि वरचं निवळ अलगद काढून घेतलं. मधल्या काळात दुधाला, कोथिंबिरीला आणि कालच्या आमटीला फ्रिज उघडायची परवानगी माझ्याकडून घ्यावी लागली. वातावरण थोडं तापलं होतं.

रसात पेक्टिन किती आहे, हे कळल्याशिवाय साखरेचं प्रमाण ठरत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. चमचाभर रस थंड करायचा, त्यात दुप्पट स्पिरिट घालायचं. एकसंध गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, तुकडे तुकडे झाले तर बेताचं. तो गोळा खायचा मात्र नाही. घरात स्पिरिट नव्हतं. समोरच्या काकांच्या कानावर हे गेलं आणि ते उत्साहाने कपाटातली रम घेऊन आले. मी म्हटलं, काका, ही 42.8 टक्के, हिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच आहे, हिने गोळा होणार नाही. काकांना हे पटेना. त्यांनी आपल्या हाताने प्रयोग केला. गोळा झाला नाही. मग उघडलेली बाटली तशीच परत कशी न्यायची, असा प्रश्न त्यांना पडला आणि तो त्यांनी आमच्या बाल्कनीत बसून सोडवला. दरम्यान औषधाच्या दुकानातून मी स्पिरिट आणलं. गोळा एकसंध, दणदणीत झाला. तो मी घरभर दाखवत फिरलो. आई म्हणाली, "शेंबूड आहे तो."

करवंद असं दिलदार निघालं की वाटीला वाटी साखर घालायची. आता उकळणं. पुस्तकात लिहिलेलं असतं, 105 अंशांना जेली तयार. हे समुद्रसपाटीला. पाणी उकळतं त्याच्यावर चार-पाच अंश, असा तो हिशेब आहे. पुणे साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथे पाणी शंभरला उकळत नाही, अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. पुण्यात पाण्यानेसुद्धा पुस्तकाचं का ऐकावं? म्हणजे इथली जेली 103च्या आसपास उतरवायची. पुस्तकावर विसंबून 105ची वाट बघणाऱ्याच्या पदरात जेलीऐवजी लिमलेटची गोळी पडते.

मी थर्मामीटर धरून उभा, आणि मागून रहदारी सुरू. बायको आली, डाव फिरवला. चिरंजीव आले, डाव फिरवला. काका बाल्कनीतून आले, "लागेल हं खाली," म्हणाले आणि डाव फिरवला. इतका वेळ फेस पातेल्याच्या काठाशी आला होता. आईने मला न विचारता चमच्याच्या टोकावर तूप घेतलं आणि टाकलं. फेस मुकाट्याने खाली बसला. ही युक्ती पुस्तकातही दिलेली आहे, पण ती पान उलटल्यावर.

झाली की नाही हे बघायला बशी फ्रीजरमध्ये गार करायची, तिच्यावर थेंब टाकायचा आणि बोटाने ढकलायचा. सुरकुती पडली तर झाली. पहिला थेंब टाकून गॅस बंद करून वळलो, तर बशी स्वच्छ. दुसरा टाकला, बशी स्वच्छ. चिरंजीव पुरावा चाटून निर्दोष चेहऱ्याने उभे होते. "झाली का रे?" मी विचारलं. "अजून एकदा बघावं लागेल," ते म्हणाले. पहिला घाणा त्यामुळे अंदाजाने उतरवला आणि तो सरबतच राहिला. रंग मात्र असा सुरेख, की पाणी आणि बर्फ घालून पाहुण्यांना दिला तर दोघींनी कृती मागितली. मी ती कृती जेलीची म्हणूनच दिली. बघू त्यांचं काय होतं ते.

दुसऱ्या घाण्याला मी चिरंजीवांना काकांकडे पाठवलं. डावातून रस सोडला तर सुटे थेंब पडायचे थांबले, दोन थेंब काठाशी एकत्र येऊन पातळ पडद्यासारखे ओघळले. हाच तो क्षण. गरम बाटल्यांत भरली, झाकणं लावली, आणि कपाटावर, कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवून पाटी लावली: 'जेली सेट होत आहे. बाटली हलवून पाहू नये. हलवल्यास काय दिसते, ते आम्ही वेळ आल्यावर दाखवू. हुकुमावरून.' पाटी वाचायला बिल्डिंगमधून दोन-तीन जण येऊन गेले. बाटल्या कुणी पाहिल्या नाहीत.

जेली सेट होत असताना आईने टाकून द्यायला ठेवलेला चोथा चाळणीवर घासला, बिया काढल्या, त्यात गूळ, मीठ, तिखट घातलं आणि तो शिजत असेपर्यंत अखंड ढवळला. माप नाही, थर्मामीटर नाही, स्पिरिट तर नाहीच. ती चटणी पोळी, भाकरी, थालीपीठ, ज्याच्याशी मिळेल त्याच्याशी संपली. काकांनी वाटी पाठवली, ती भरून परत गेली, पुन्हा आली. माझी जेली कधी होणार, हे कुणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांना बोलावलं. बाटली उजेडासमोर धरली. आरपार, माणकासारखी लाल. हळूच कलती केली, तर आतला रंग ओघळला नाही, नुसता थरथरला. कुणी काही बोललं नाही. बायकोच्या चेहऱ्यावर तर चक्क आदर दिसला, पातेल्यासकट. मी ब्रेड भाजायला घेतला आणि पाठमोरा झालो, तेवढ्यात आईने बाटली उचलली, चमचा घातला, तळापासून खसाखसा ढवळली आणि टेबलावर ठेवली.

"तळाशी साखर बसते रे," ती म्हणाली.