वॉटरगेट लक्षात राहिलं, मस्की विस्मरणात गेले

वॉटरगेट म्हटलं की सगळ्यांना जून १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत पकडलेले ते पाच घुसखोर आणि पुढचा अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचा राजीनामा आठवतो. मला जास्त चीड येते ती त्याआधीच्या काही महिन्यांची. घुसखोर सापडले तोवर निक्सन यांच्या माणसांनी आपला डाव साधून घेतला होता.

त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी सिनेटर एडमंड मस्की विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत सर्वांत पुढे होते आणि निक्सन यांच्या गोटाला नेमका हाच प्रतिस्पर्धी नको होता. फेब्रुवारीत न्यू हॅम्पशरच्या 'मँचेस्टर युनियन लीडर' दैनिकात एक पत्र छापून आलं. फ्रेंच-कॅनेडियन लोकांना उद्देशून वापरलेल्या हिणकस शब्दावर मस्की हसले म्हणे! त्या राज्यात या वंशाचे मतदार भरपूर. पत्र बनावट होतं, लिहिणारा कधीच सापडला नाही. त्याच दैनिकाने मस्कींच्या पत्नीबद्दलही नको ते छापलं. मस्की भर बर्फात त्या कचेरीसमोर उभे राहून बोलले, बोलताना आवाज दाटून आला आणि बातमी झाली, 'मस्की रडले'. चेहऱ्यावर वितळलेला बर्फ होता, असं ते सांगत राहिले. पण ऐकतंय कोण?

मग फ्लोरिडा. निक्सन यांच्या गोटासाठी काम करणाऱ्या डोनाल्ड सेग्रेटी या तरुण वकिलाच्या कारवायांतून मस्कींच्याच लेटरहेडवर एक पत्र फिरलं, त्यात हंफ्री आणि जॅक्सन या पक्षातल्याच प्रतिस्पर्ध्यांवर लैंगिक गैरवर्तनाचे धादांत खोटे आरोप. बदनामी त्या दोघांची, शिव्याशाप मस्कींना. एका दगडात तीन पक्षी!

एप्रिलमध्ये मस्की प्रचारातून बाहेर पडले. नोव्हेंबरात निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली.

'निक्सन तसेही जिंकलेच असते,' असं लोक म्हणतात. मस्कींचा प्रचार विस्कळीत होता, हे मलाही मान्य आहे. पण समोर कोण उभं राहणार हे त्या पक्षाच्या मतदारांनी ठरवायचं होतं, निक्सन यांच्या पगारी माणसांनी नव्हे. आणि 'राजकारणात हे चालायचंच' म्हणणाऱ्यांचा तर मला मनस्वी राग येतो. चालतं, कारण आपण चालवून घेतो!

शिक्षा काय झाली तेही बघा. सेग्रेटी साडेचार महिने तुरुंगात राहिले. त्यांना पैसे पोचत होते ते निक्सन यांचे खाजगी वकील हर्बर्ट काल्मबाख यांच्याकडून. आणि सेग्रेटींना या कामाला लावणारे ड्वाइट चॅपिन, थेट व्हाइट हाउसमधले अधिकारी, तुरुंगात गेले ते शपथेवर खोटं बोलल्याबद्दल. मस्कींचं जे केलं, त्याबद्दल नाहीच.