सहा सूत आणि वर चिमूटभर

मंगळवारी दुपारी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथच्या दुकानात माझ्या भिंगाच्या पुढच्या काचेवर एका अनोळखी म्हाताऱ्याचा अंगठा उठला. ग्रीससकट. आज शुक्रवार. काच पुसून झाली, राग पुसला गेलेला नाही. आणि म्हाताऱ्याचं चुकलं असं छातीठोकपणे म्हणताही येत नाही, ही खरी चिडचिड.

मला किड्यामुंग्यांचे फोटो काढायचा नाद आहे. नेहमीच्या मॅक्रो लेन्सची धाव एकास एकपर्यंत, म्हणजे मुंगी जेवढी तेवढीच सेन्सरवर उमटते. त्याच्या पुढं जायचं तर मध्यमवर्गीयाला परवडणारी एक वाट: सूक्ष्मदर्शकाचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तूकडचं भिंग, काढायचं आणि नळी लावून कॅमेऱ्याच्या तोंडाला बसवायचं. जुन्या बाजारातून चारपटीचं एक १८०० रुपयांना आणलं. १६० मिलिमीटर नळीसाठी बनवलेलं जुन्या पद्धतीचं भिंग. त्याच्या खांद्यापासून १५० मिलिमीटरवर प्रतिमा पडते. त्यातले ४४ मिलिमीटर माझ्या कॅमेऱ्याच्या पोटातच जातात, राहिलेले १०६ नळकांड्यांनी भरून काढायचे. (हल्लीच्या भिंगांना मध्ये आणखी एक ट्यूब लेन्स लागते. त्यांच्या किमती एकदा बघितल्या आणि मोबाईल उलटा ठेवून चहा प्यायलो.) नळकांडी होती. अडलं होतं एका कडीवर. तिला एका अंगाला ४२ मिलिमीटरचा मेट्रिक आटा (स्क्रूसारखे वेढे) हवा, दुसऱ्या अंगाला ऑब्जेक्टिव्हचा. ती कडी ऑनलाइन मिळते. पण मी कोल्हापूरचा. आपल्याकडं उद्यमनगर असताना अंगठीएवढी कडी बाहेरून मागवायची? लाज वाटली. ही लाज मला साडेसहाशे रुपयांना आणि अर्ध्या रजेला पडली.

उद्यमनगरात आणि आसपासच्या फौंड्रीत काय होत नाही? इंजिनाचे ब्लॉक ओततात, पंप होतात, गाड्यांचे सुटे भाग होतात, ते परदेशात जातात. फक्त एक नग होत नाही. मी चार दुकानं फिरलो. पहिल्याच्या मालकानं ऑब्जेक्टिव्ह तळहातावर घेऊन वजन केल्यासारखं हलवलं आणि विचारलं, "किती नग?" मी म्हटलं एक. त्यानं इतक्या मायेनं माझ्याकडं पाहिलं की मला घरी जाऊन झोपावंसं वाटलं. दुसरा म्हणाला, "पाचशे असतील तर बोला." पाचशे! अख्ख्या जिल्ह्यातल्या मुंग्यांचे पासपोर्ट फोटो काढायचं कंत्राट मिळालं असतं तर घेतले असते पाचशे.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. आपण त्याच्याजवळ गाडी लावतो आणि भाजी आणायला जातो. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी बनवायला घेतला. त्यांचे बंधू आनंदराव त्या खटाटोपात होते, ते १९१६ साली गेले. मग विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी काम तडीस नेलं. मला राहून राहून वाटतं, त्यांनाही कुणीतरी विचारलं असणार, "किती नग?" आणि त्यांनी सांगितलं असणार, एक. आज त्याच गावात मी आटा पाडून मागतोय तर मला पाचशेचा आकडा सांगतात. असो. बाबूराव बाबूराव होते, मी बँकेत कॅशला बसतो.

चौथ्या दुकानात मिस्त्री भला माणूस निघाला. "ठेवा हितं. आबांचं बुश झालं की बघतो."

आबा स्टुलावर बसले होते. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, पायाशी गुऱ्हाळाच्या घाण्याचं गनमेटलचं झिजलेलं बुश, शेजारी त्याच्या जागी बसणारं कच्चं ओतीव. सत्तरी ओलांडलेली. तीस वर्षं गावच्या दूध संस्थेचे चेअरमन, हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. पुढच्या तासाभरात जे घडलं त्याचं मूळ त्या तीस वर्षांत आहे. ज्या माणसानं तीस वर्षं ऑडिट झेललंय, त्याला न जुळणारा आकडा दिसला की तो गप्प बसू शकत नाही.

"काय पावणं, दुर्बीण व्हय?"

"नाही आबा. सूक्ष्मदर्शकाचं भिंग आहे."

"बघू." घेतलंच. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "आकडं लिवल्यात की. चार... मधी तिरकी रेघ... शून्य टिंब एक शून्य." क्षणभर थांबून, छताकडं बघून: "चाळीस."

"काय चाळीस?"

"चाराला शून्य टिंब एकनं भागलं तर चाळीस येत्यात."

"आबा, ते भागायचं नसतं."

"मग रेघ कशाला मारलीया?"

याला उत्तर नाही. ऑब्जेक्टिव्हवर आकडे कोरणाऱ्यांनी याचा कधी विचार केलेला नाही, आणि भोगायचं आम्ही. मी समजावून सांगितलं, की वरचा चार म्हणजे वस्तू चारपट मोठी उमटते. दुसरा आकडा म्हणजे भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं, त्याचं माप.

"किती करतं?"

"शून्य पूर्णांक एक."

"एक सुदीक न्हाई?" त्यांनी मिस्त्रीकडं पाहिलं. "आणि अठराशे दिलं म्हणं."

मिस्त्रीनं चक फिरवता फिरवता मान हलवली. मला ती मान अजून आठवते.

"आणि खाली ह्ये बघ. एकशेसाठ, रेघ, शून्य टिंब सतरा." हे तोंडी जमेना. लेथवरच्या पोरानं मोबाईल काढला. मी म्हटलं, अरे ते १६० म्हणजे नळीची लांबी, आणि सतरा शतांश मिलिमीटर म्हणजे काचपट्टीवर जी पातळ काच झाकतात तिची जाडी. त्यांचा एकमेकांशी भागाकाराचा संबंध... तोवर पोरगं ओरडलं, "नऊशे एक्केचाळीस पूर्णांक एक सात!"

दुकानात शांतता पसरली. लेथसुद्धा त्याच वेळी थांबला होता.

"सतरा परत आलं," आबा हळूच म्हणाले.

आता यावर काय बोलणार? आलं होतं खरं. १६० ला ०.१७ नं भागलं की उत्तराच्या शेपटाला पुन्हा सतरा लोंबतात, हा गणिताचा चावटपणा; पण त्या तिघांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की कंपनीनं काहीतरी दडवलंय आणि गिऱ्हाइकाला ते माहीतच नाही. पोरानं तर मला हळू आवाजात विचारलं, "सर, बिल हाय काय याचं?"

मग अर्थातच, "ह्याचं करणार काय?" हा प्रश्न. मी मोबाईलवर आधीचा एक फोटो दाखवला. लाल मुंगीचं डोकं, उधारीच्या दहापटीच्या भिंगातून. त्या भिंगात एका वेळी जेमतेम नऊ मायक्रॉन जाडीचा थर स्पष्ट दिसतो. म्हणजे डोळा दिसला तर मिशी धूसर, मिशी दिसली तर जबडा धूसर. म्हणून कॅमेरा सरकत्या रेलवर केसभर केसभर पुढं सरकवत शेदोनशे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांची चळत लावून एक चित्र करायचं. खाली रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर गेला की सगळं मुसळ केरात. तसला फोटो. डोळ्यातला एकेक कण मोजून घ्या. रात्री बारा ते तीन जागून केलेला, घरात सगळ्यांना पावलं न वाजवता चालायला लावून.

आबांनी बघितला. मोठा केला, बारीक केला.

"मुंगी हाय."

"होय."

"आणि?"

मी बँकेत कॅशच्या खिडकीवर रोज लोकांच्या शिव्या खातो, पण एवढा नागवा कधी झालो नव्हतो. आणि? एकशेऐंशी फोटो, तीन तासांची झोप, बायकोचा अबोला (फ्रीझरमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी मुंग्यांची डबी ठेवली म्हणून), आणि त्यावर हा माणूस विचारतो, आणि?

"आमच्या उसावरचा मावा दावा की असा," ते म्हणाले. "त्यो खरा बघण्यासारखा." आणि मग घाण्याचं बुश, माझी कडी, सगळं बाजूला राहिलं. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हाचं सांगायला लागले. पानाच्या पाठीला कापूस पिंजून चिकटवल्यासारखा पांढरा थर, वरून गोड चिकटा गळायचा, खालच्या पानावर त्या चिकट्याची काजळी धरायची, पांढऱ्याखाली काळं. फवारून फवारून लोक दमले. मग मित्रकिडी आल्या. "कोनोबाथ्राची अळी आन् मायक्रोमस," आबा म्हणाले; घरच्या बैलांची नावं घ्यावीत तसे. "ती अळी त्या माव्यातच जाळं करून बसती आणि त्यालाच खाती. आम्ही पानं तोडून एका फडातनं दुसऱ्या फडात न्हेऊन बांधली. तवा कुणी फोटू काढला न्हाई."

मी किड्यांचा नाद असलेला माणूस. मायक्रोमस मी फक्त पुस्तकात पाहिलाय. मान डोलावली.

एव्हाना बुश झालं होतं आणि मिस्त्रीनं माझ्या आट्यात पिच गेज घातलं. ऑब्जेक्टिव्हचा आटा हे एक वेगळंच दुखणं आहे. १८५८ साली लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीनं तो ठरवला: व्यास इंचाचे आठ दशांश, इंचात ३६ आटे. सोसायटी पुढं रॉयल झाली, इंग्रज गेला, आटा राहिला. मिस्त्रीनं व्हर्नियर लावून सुताच्या हिशेबात सांगितलं, "सहा सूत आणि वर चिमूटभर." अचूक. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा सहा पूर्णांक चार दशांश सूत. चिमूटभर या शब्दाला एवढं नेमकं माप मी पहिल्यांदाच पाहिलं.

"पण छत्तीसला चेंज गिअर लावायला लागतील," तो म्हणाला. "पाऊण मिलिमीटरचं पाडतो की. बसतंय."

छत्तीस आट्यांत दोन आट्यांमधलं अंतर ०.७०५६ मिलिमीटर येतं. पाऊण म्हणजे ०.७५. मला हे माहीत होतं. तोंडपाठ होतं. तरी मी "बरं" म्हणालो, कारण साडेचार वाजले होते, आणि आपल्यामुळं कुणाला गिअर बदलायला लागू नयेत हा आपला स्वभाव. मराठी माणूस डॉक्टरसमोर, मिस्त्रीसमोर आणि रिक्षावाल्यासमोर "बरं" म्हणतो आणि मग घरी येऊन तावातावानं बोलतो.

पहिला वेढा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला भिंग रुतलं. पुढं जाईना, मागं येईना. मी जोर लावला, पोरानं लावला. मिस्त्री पाना घेऊन आला तेव्हा मी जवळजवळ किंचाळलो.

"आना हिकडं," आबा म्हणाले.

टॉवेलचं टोक कडीला गुंडाळलं, दुसऱ्या हाताच्या मुठीत भिंग धरलं, आणि उसाची कांडी मोडावी तशी मनगटाला एक हिसडी. कट्. सुटलं. कडीचे दोन आटे सोलले गेले, भिंगाला ओरखडा नाही. फक्त मुठीत धरताना आबांचा अंगठा पुढच्या काचेवर दाबला गेला होता. बुशाचं ग्रीस लागलेला.

"घ्या तुमचं चाळीस," म्हणाले. मी आभार मानले. मानावेच लागले.

मिस्त्रीनं चुकीच्या कडीचे साडेसहाशे घेतले, "दुसरी करताना बघू" म्हणाला, आणि गुरुवारी बोलावलं. गुरुवारी गेलो तर म्हणे सोमवारी या, कारखान्याचं काम आलंय, तीनशे नग.

आज सकाळी अकराच्या गर्दीत आमचा शिपाई एक पिशवी घेऊन कॅशच्या खिडकीशी आला. वर उसाची पानं डोकावत होती, दोन-दोन फूट लांब, कडा कापणाऱ्या. "एक आबा देऊन गेले. म्हणाले, त्या चाळीसवाल्या सायबांना द्या, मावा हाय." मागं रांगेतले सगळे बघत होते. साहेब केबिनच्या काचेतून बघत होते. मंगळवारी कुठल्या बँकेत बसतो ते मीच त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत पानं टेबलावर पसरून एकेक उलटून पाहिली. मावा कुठं नव्हता. तिसऱ्या पानाच्या शिरेवरून एक मुंगी चालली होती.

लाल. तीच जात.