आजोबा, हात मागे!

दिवाळीच्या किल्ल्याला पाऊस, मांजर आणि वरच्या गॅलरीतून ठिबकणारं पाणी यांपेक्षा मोठा धोका आजोबांचा असतो. मी स्वतः त्याच जमातीतला असल्यामुळे हे अधिकाराने सांगतो. नातवंडांना सण कळावा म्हणून आपण पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून बसतो. दहा मिनिटं 'असं धर, तसं थाप' चालतं. अकराव्या मिनिटाला चिखल आपल्या हातात असतो आणि नातू सोफ्यावर. कोणी विचारलंच तर तो मान वर न करता सांगतो, "तो आजोबांचा किल्ला आहे."

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. आजोबांनी स्टुलावर बसावं आणि मांडीवर शेंगदाण्यांचं ताट घ्यावं. चिवड्याचे दाणे निवडून होतात आणि हात गुंतलेले राहतात. तोंड मोकळं राहतं हा दोष आहेच, पण त्यावर अजून कुणाला इलाज सापडलेला नाही.

वसुबारसेच्या निदान आठ दिवस आधी सुरुवात हवी, कारण हळीव उगवायला तीन-चार दिवस घेते आणि पेरायच्या आधी किल्ला उभा असावा लागतो. नेमकी तेव्हाच सहामाही परीक्षा असते. गणिताचा पेपर आणि तटबंदी एकाच दिवशी आली की घरात दोन पक्ष पडतात. आजोबांनी अशा वेळी गणिताच्या पक्षात असल्याचं दाखवावं.

गॅलरीत तीन फूट बाय दोन फूट जागा पुष्कळ झाली. खाली जाड प्लास्टिक अंथरून त्याच्या कडा चार बोटं वर दुमडायच्या. हे विसरलात तर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टांवर सह्याद्रीची माती उतरते आणि फराळाची ताटं तुमच्याकडून जातात, तिकडून येत नाहीत. घमेलं नेहमी अर्धंच भरावं. ओली माती दिसते त्याहून जड असते आणि मणक्याला सणवार कळत नाही.

नुसत्या मातीचा डोंगर कधी करू नये. तो आतून वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी बसतो. आत पंधरा-वीस विटा पायऱ्यांसारख्या रचाव्यात, फटींत दगड आणि फुटक्या कुंड्यांची खापरं घालावीत. वरून गोणपाट. ते चाळलेल्या लाल मातीच्या काल्यात बुडवून काढायचं. काला धिरड्याच्या पिठाइतका पातळ हवा. नातवाला धिरडं माहीत नसेल तर 'मिल्कशेकइतका' म्हणावं, लगेच जमतं. गोणपाटाला चुण्या पडल्या तर ओढून सरळ करू नयेत, त्याच कडेकपाऱ्या. दुसरा थर थालीपिठाच्या पिठासारखा. काळी माती वाळताना आकसते आणि भेगाळते, म्हणून तिच्यात दोनास एक या प्रमाणात वाळू मिसळावी. तरीही सकाळी भेग दिसलीच आणि नातवाचा ओठ थरथरायला लागला, तर ते भुयार आहे असं शांतपणे जाहीर करावं.

कोणता किल्ला करायचा यावरून वाद झाला तर राजगड सुचवावा. तीन बोटं फाकवून पंजा पाटावर ठेवायला सांगा. मधला उंचवटा बालेकिल्ला, तीन बोटं म्हणजे पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. नकाशा लागत नाही. ज्यांना फार कष्ट नकोत त्यांनी परातीत पाणी भरून सिंधुदुर्ग करावा. चेन्नईकडच्या नातवंडांना जिंजी आहेच. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे १२ किल्ले गेले, त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी.

इतिहास सांगायची घाई मात्र करू नये. हात चिखलात असलेला मुलगा पळून जाऊ शकत नाही, हे ओळखून काही आजोबा अफझलखानापासून सुरू करतात. त्यापेक्षा त्याची खेळण्यातली गाडी मागून घ्या. आधी दरवाजापर्यंत सरळ रस्ता करायला सांगा आणि गाडी सोडा. ती सुसाट जाऊन दारावर आदळते. आता दाराच्या दोन्ही बाजूंनी दोन बुरूज पुढे आणून त्यांच्यामधून रस्ता वळवा. गाडी पहिल्याच बुरुजाला थडकून उलटते. मग विचारा, गाडीऐवजी हत्ती असता तर? धाव घ्यायला जागा नाही, दार समोर दिसत नाही आणि वरून मारा चालू. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना चार मिनिटांत कळली, आणि पुढचा अर्धा तास हत्ती उलटवण्यात जातो. आजोबांनी या अर्ध्या तासात दाणे संपवावेत.

हळीव तासभर भिजवली की बुळबुळीत होते आणि उतारावर चिकटून बसते. मोहरी गोल, ती घरंगळते. एवढ्या किल्ल्याला चार चमचे हळीव पुरते. लाडवांसाठी आणलेल्या पुडीतून घेणार असाल तर आजीला आधी सांगा, नंतर सांगण्यात मजा नाही. पाणी फवाऱ्याने किंवा बोटांनी शिंपडायचं. नातू हमखास मगाने ओततो. मग सगळं बी पायथ्याशी जमतं आणि चौथ्या दिवशी वर गुळगुळीत टक्कल, खाली कडेने दाट झालर असा किल्ला तयार होतो. तो आजोबांसारखा दिसतो हे घरातलं कोणीतरी बोलतंच.

कारंज्यासाठी औषधाच्या दुकानातून नवी सलाईनची नळी आणावी, तिच्या तोंडाला संपलेल्या रिफिलचं गोळी काढलेलं टोक बसवावं. बादली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की कारंजं रुसतं. आधी पाणी ओढून घ्यावं, मग टोक लावावं. नळीवरचं छोटं चाक फिरवून धार कमीजास्त होते. ती बादलीतल्या पाण्याच्या पातळीहून वर कधीच जात नाही, पण हे सांगू नका. बादली कपाटावर चढवायची कल्पना त्याला आपोआप सुचेल. फक्त तो स्टुलावर चढताना जवळ उभे राहा.

चित्रं आणायला नातवालाच न्यावं. मोठे मावळे पायथ्याशी आणि छोटे वर मांडले की किल्ला उंच दिसतो. महाराज मात्र सगळ्यांत वर आणि सगळ्यांत मोठे. तिथे प्रमाण विचारायचं नसतं. ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीख सिंहासन मांडताना सांगितली तर लक्षात राहते. बाजारपेठेत गवळण आणि भाजीवालीच्या मधे डायनासोर येणार, बुरुजावर जेसीबी येणार. येऊ द्यावेत. फक्त पणती गोणपाटापासून हातभर लांब ठेवा, वाळलेलं गोणपाट पटकन पेटतं.

नातवंडं न्यू जर्सीत असतील तर आजोबा व्हिडिओ कॉलवर, आणि त्यांना दिसतं ते फक्त छत. ही किल्ल्यासाठी आदर्श स्थिती. एक मात्र ओरडून सांगावं: माती आणताना 'टॉपसॉइल' लिहिलेलं पोतं घ्या, 'पॉटिंग मिक्स' नको. त्याचा काला होत नाही, ते पाण्यावर तरंगतं, आणि त्यातल्या पांढऱ्या दाण्यांमुळे गडावर गारपीट झाल्यासारखी दिसते. तिकडे दिवाळीत बाहेर थंडी असते, तेव्हा किल्ला घरात खिडकीशीच करावा, नाहीतर हळीव उगवायला नाताळ येतो.

किल्ला मोडायचा कधी, यावर एकमत होत नाही. आजोबांना तो तुळशीच्या लग्नापर्यंत हवा असतो. नातू भाऊबीजेच्या संध्याकाळी जेसीबी घेऊन दिंडी दरवाजाशी हजर. माती कुंड्यांत जाते, गोणपाट झटकून माळ्यावर. विटा मात्र जिथून आणल्या तिथे मोजून परत कराव्यात. अठरा नेल्या असतील तर सतरा भरतात. अठरावी डायनासोरची गुहा झालेली असते आणि तिला हात लावायची आजोबांना परवानगी नसते.