शिवणीतली माया आणि ‘एक साइज लहान घ्या’चा सल्ला

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला आठ-दहा जणींनी पाठवला. भिशीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला, आणि ब्लाऊज टाकायला आलेल्या एका काकींनी तर चष्मा लावून तो मला वाचूनच दाखवला. वर लिहिलंय, ‘चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं जपून ठेवावं असं’. सुरुवात आहे: आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजलात, आता स्वतःसाठी जगा. त्याखाली पाच नियम. दर महिन्याला स्वतःला एक नवा कपडा घ्या, मन ताजं राहतं, हे शास्त्रानं सिद्ध झालंय. कपडा नेहमी एक साइज लहान घ्या, म्हणजे वजन उतरवायची आठवण राहते. सहा महिन्यांत अंगाला न लागलेला कपडा घराबाहेर काढा. सुतीची कटकट सोडा, बिनइस्त्रीचं घ्या. आणि रोज सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध आणि दिवसाला दहा हजार पावलं, पोट आपोआप जाईल.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत २६ वर्षं बायकांचे कपडे शिवते. माझं वय ४९. या मेसेजमधली बाई मला रोज दुकानात भेटते.

पहिलं वाक्य मला पटतं. माझ्याकडं येणाऱ्या बायका लेकीच्या गॅदरिंगचे, सुनेच्या डोहाळजेवणाचे, नणंदेच्या आहेराचे कपडे तारखेवर मागून नेतात, आणि स्वतःचा ब्लाऊज ‘राहू दे ताई, सावकाश द्या’ म्हणून चार-चार महिने माझ्या कपाटात ठेवतात. अशा बाईला कुणी ‘आता तुझं बघ’ म्हटलं की तिचा गळा दाटतो. हा मेसेज एवढा फिरतोय तो त्या एका वाक्यावर. पण त्याच्या आडून जे नियम येतात ते तिच्या अंगाला जाचणारे आहेत, म्हणून हे लिहायला बसले.

‘एक साइज लहान’ हा नियम आधी घेते, कारण त्याचे वळ मी डोळ्यांनी बघते. मागच्या लग्नसराईत एक वहिनी आल्या. सेलमधून तयार ब्लाऊज मागवलेला, ३८ लागत असताना ३६. पडद्यामागं तो काढला तेव्हा काखेपाशी मुंढ्याच्या शिवणीचा लाल वळ उठला होता, आणि हुकांच्या पट्टीखाली एकाखाली एक असे सहा ठिपके. दंडावर बाहीची कड उमटली होती. ‘ताई, आज बसंना झालाय, पण उतरंल की वजन,’ त्या म्हणाल्या. मी ब्लाऊज उलटा करून बघितला. शिवणीच्या आत जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच कापड.

पुढं कपडा उसवून वाढवता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. मी दोन्ही कडांना इंच-दीड इंच सोडते. पंधरा वर्षांचा जुना ब्लाऊज उसवायला घेतला की बाहेरचं जांभळं उन्हात, साबणात पार विटलेलं असतं आणि आत ती बोटभर पट्टी पहिल्या दिवसाच्या रंगाची निघते. जुन्या शिवणीच्या भोकांची रेघ दिसते, रेशमावर तर ती कायमची राहते, पण काखेखाली कुणाच्या नजरेत येत नाही. तयार कपड्यात ही माया बहुतेक वेळा सोडलेलीच नसते. म्हणजे लहान साइजचा तयार ब्लाऊज घेणं हे असं आहे की तो तुमच्यासाठी मोठा होणार नाही आणि तुम्ही त्याच्यासाठी लहान व्हायचं.

आणि या वयात अंग बदलतंच. भारतात बाईची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास थांबते. त्याच्या आधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन वर-खाली होत होत उतरत जातं, आणि चरबी मांड्या-कुल्ल्यांपेक्षा पोटावर साठायला लागते. काट्यावर आकडा तोच राहिला तरी कंबर वाढते. माझ्या मापाच्या वहीत एकाच बाईच्या नावापुढं ३२, ३४, ३६, ३८ असे आकडे एकाखाली एक आहेत. त्यातली कुणी आळशी झाली म्हणून ते वाढले असं मला कधी वाटलं नाही. वजन अचानक, काही कारण नसताना वाढलं तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी. घट्ट कपड्यानं यातलं काहीच कळत नाही.

उलट त्रासच होतो. पोटावर घट्ट बांधलं की छातीत जळजळ वाढते, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. परकराच्या नाडीचं तर मी रोज सांगत असते. २०२४ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांच्या केसेस छापल्या. वर्षानुवर्षं कमरेवर एकाच जागी करकचून नाडी बांधल्यानं तिथली कातडी घासत राहिली, जखम झाली, ती भरली नाही आणि शेवटी तिथं कातडीचा कॅन्सर निघाला. हे फार क्वचित होतं, घाबरू नका. पण कमरेवर काळा पडलेला, खाजणारा पट्टा मात्र क्वचित नाही, निम्म्या बायकांना परकराचं माप घेताना मी तो बघते. मी आता पातळ नाडीऐवजी तीन बोटं रुंद पट्टा लावून देते, आणि गाठ रोज थोडी सरकवून, सैल बांधा म्हणते. कमरेवरची जखम बरी होत नसेल तर डॉक्टरला दाखवायची, हळद लावून झाकायची नाही.

पोटावर लक्ष ठेवायचं असेल तर शिंप्याचा टेप पुरे. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, टेप न आवळता माप घ्या. परकर बांधतो ती जागा वेगळी, तिथं घेऊ नका. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण धरतात, टेपच्या दुसऱ्या बाजूला ते साडेएकतीस इंच होतात. पुरुषांसाठी ९०. त्यापुढं गेलात तर साखर आणि रक्तदाब बघत राहायचा. कॉलरमागच्या लेबलावरचा साइज यातलं काही सांगत नाही. एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एमएवढा निघतो, रोज उसवते म्हणून सांगते.

आता सुतीची ‘कटकट’. कटकट आहे, खरंच आहे. आपल्या कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात सुती परकर तीन दिवस वाळत नाही, घरभर ओला वास येतो. पावसाळ्यात मी स्वतः मिश्र कापडाचं घालते. पण हा सल्ला ज्या वयाच्या बाईला दिलाय, तिला रात्री-अपरात्री अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं, मानेवरून घाम ओघळतो आणि पाच मिनिटांनी थंडी वाजते. एवढं एक कारण सुतीसाठी पुरेसं आहे. ठरावीक दमटपणाच्या हवेत सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल स्वतःत धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. जॉर्जेटच्या ब्लाऊजला पॉलिएस्टरचंच अस्तर लावलं की घाम अंगावरच राहतो, काखेत आणि छातीखाली पुरळ उठतं. वरची साडी हवी ती नेसा. अस्तर, परकर आणि रात्रीचा गाऊन सुती ठेवा. फिरायला जाताना घालायचे खेळाडूंसारखे टी-शर्ट पॉलिएस्टरचे असतात, त्यांची वीण घाम बाहेर आणून वाळवायला केलेली असते, ते चालतात.

‘प्युअर कॉटन’ म्हणून विकलेलं सगळंच सुती नसतं. ताग्याच्या कडेचा एक दोरा मागून घ्या आणि दुकानाबाहेर येऊन काडीवर धरा. सुती दोरा कागदासारखा जळतो, कागदासारखाच वास येतो, राख बोटांत भुरभुरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. मिश्र असेल तर राखेत खडा लागतो. गांधीनगरच्या ठोक बाजारातून माल आणताना मी आजही हे करते. आणि आपण इचलकरंजीपासून तासाभरावर राहतो. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली सूतगिरणीचा पाया घातला, तिथल्या बाईला सुताची पारख असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

‘दर महिन्याला एक नवा कपडा, शास्त्रानं सिद्ध’ याचं शास्त्र माझ्या पुतणीनं शोधून दिलं. ती मानसशास्त्रात एम. ए. करते. २०१२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. डॉक्टर घालतात तसा पांढरा कोट घातलेल्या मुलांनी लक्ष देण्याच्या परीक्षेत कमी चुका केल्या. तोच प्रयोग पुढं दुसऱ्यांनी जास्त लोकांवर करून २०१९ साली छापला, तेव्हा तो परिणाम दिसलाच नाही. शिवाय तो कोट कुणी विकत घेतला नव्हता, हातात दिला होता. त्यातून दर महिन्याच्या खरेदीचं शास्त्र कुणी काढलं, ते मला सापडलं नाही.

नव्या कपड्याचा आनंद मी नाकारत नाही. महाद्वार रोडला दिवाळीआधी पिशव्या सांभाळत चालणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर तो दिसतो. पण तो घरी पोचेपर्यंतचा असतो हेही मी बघितलंय. एका ताईंच्या कपाटात चौदा ब्लाऊजपीस न कापता पडलेत, घड्यांवर पिवळे डाग धरलेत. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या दर महिन्याला काहीतरी घेतात. कापड टाकायच्या निमित्तानं येतात, तासभर बसतात, चहा घेतात आणि कापड परत नेतात. त्यांना कापड नको होतं, बोलायला माणूस हवं होतं. त्यांना मी आता गुरुवारी नुसतंच या म्हणून सांगितलंय.

बायका मला विचारतात, मग घ्यायचं कसं? दुकानात तीन गोष्टी करा. घालून खाली मांडी घालून बसा. दोन्ही हात वर करा. आणि त्याच्यावर घालायचं किंवा त्याखाली नेसायचं घरात आधीच काय आहे ते आठवा. काहीच आठवलं नाही तर तो एक कपडा आणखी दोन कपडे घ्यायला लावणार. मापाला येत असेल, मांडी घालता येत असेल, तर महाग असला तरी घ्या, मनात अपराध धरू नका. माझा धंदा तुम्ही शिवून घेण्यावर चालतो, तरी हेच सांगते.

सहा महिन्यांचा नियम ज्यानं लिहिला त्याच्या घरी लग्नकार्य होत नसावं. इरकल, पैठणी, आईची नऊवारी वर्षातून एकदा निघते, म्हणून ती अडगळ होत नाही. आणि घराबाहेर म्हणजे कुठं? बोहारीण आता क्वचित येते. २०१९ च्या महापुरात आम्ही पेठेतल्या काही जणी मदतीचे कपडे निवडायला बसलो होतो. चांगल्या कपड्यांबरोबर तुटक्या चेनचे, बटणं गेलेले, न धुतलेले कपडे एवढे निघाले की निवडणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच नको असेल तर धुवून, बटण लावून, ज्याला बसेल त्याच्या हातात द्या. जुन्या सुती साड्यांची वाकळ शिवा. ती अंगावर घेऊन झोपलेल्या कुणालाही विचारा.

राहिलं लिंबू-मध आणि दहा हजार पावलं. गरम पाण्यानं चरबी वितळत नाही. मोठा चमचाभर मधात साधारण ६० कॅलरी असतात, त्या कुठं जात नाहीत. आवडतं म्हणून प्या, रिकाम्या पोटी पित्त होत असेल तर सोडा. दहा हजारांचा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असं होतं. अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या हजारो बायकांचा २०१९ साली अभ्यास छापला गेला, त्यात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांनाही कमी चालणाऱ्यांपेक्षा फायदा दिसला, आणि साडेसात हजारांच्या आसपास तो वाढायचा थांबला. त्यामुळं रंकाळ्याला चालताना आकडा भरला नाही म्हणून खट्टू होऊन घरी बसू नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि त्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. मेसेजमध्ये हे दुसरं नाहीच, आणि आपल्याला खरी गरज त्याचीच आहे, कारण वयाबरोबर स्नायू झडत जातात. खासबागच्या कुस्ती मैदानाच्या या गावात जोर-बैठका म्हणजे काय हे पोरांना सांगावं लागत नाही, बायकांना मात्र कुणी शिकवत नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. मी दुपारी मशीन बंद केली की करते. सहा महिन्यांपूर्वी चार वेळा जमत होतं.

त्या लग्नसराईतल्या वहिनींचा ब्लाऊज. उसवून उपयोग नव्हता, आत काही नव्हतंच. साडीचं आतलं टोक कमरेला खोचलं जातं, दिसत नाही. त्यातून वीतभर कापड घेतलं आणि दोन्ही बगलांत कळी घातली, बाही उसवून वाढवली. हात वर करून अंबाडा बांधून बघा म्हटलं. त्यांनी बांधला, सोडला, परत बांधला. वहीत त्यांच्या ३६ च्या खाली मी ३८ लिहिलं, तारीख टाकली. पुढच्या आठवड्यात त्या पिशवीत जुने चार ब्लाऊज घेऊन आल्या. त्यातल्या तीन ब्लाऊजांत माया निघाली.