दरडोई खर्चात घरातली बाई कुठे आहे?

घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीचे आकडे आले की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो गरिबी संपत आली, दुसरा म्हणतो आकडेच खोटे. २०२३-२४ च्या पाहणीत दरमहा दरडोई खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला, तेव्हाही हेच झालं. पण एक गोष्ट दोन्ही तटांना मान्य असते, आणि माझं भांडण नेमकं तिच्याशी आहे. ती म्हणजे 'दरडोई' काढायची पद्धत.

घराचा महिन्याचा सगळा खर्च मांडायचा: धान्य, तेल, भाजी, कपडे, दवाखाना, मोबाइलचं रिचार्ज. त्याला घरातल्या माणसांच्या संख्येनं भागायचं. आलेला आकडा सासऱ्याच्या नावावर तेवढाच, मुलाच्या नावावर तेवढाच, सुनेच्या आणि तीन वर्षांच्या नातीच्या नावावरही तेवढाच. मग या आकड्यांवरून देशातली विषमता मोजायची. ग्रामीण भागाचा गिनी निर्देशांक (विषमतेचं माप; शून्य म्हणजे सगळे समान) वर्षभरात ०.२६६ वरून ०.२३७ वर आला, म्हणजे विषमता घटली, असं आपण वाचलं. त्यात या घरातला आणि त्या घरातला फरक आहे. एकाच घरातल्या दोन माणसांमधला फरक मात्र हिशोब सुरू व्हायच्या आधीच शून्य धरलेला आहे.

तो शून्य नाही, हे सरकारच्याच दुसऱ्या पाहणीत दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, पुरुषांमध्ये २५ टक्के. महाराष्ट्रात हेच प्रमाण ५४ आणि २२ टक्के आहे. पाळीमुळे, बाळंतपणांमुळे काही फरक पडणार, हे मान्य. म्हणून तर स्त्रियांसाठी हिमोग्लोबिनची मर्यादाही कमी धरतात. तरीही एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचं खाणाऱ्यांमध्ये एवढी तफावत असेल, तर ताटात काय पडतं हे विचारायला नको का?

मी मराठवाड्यात काही वर्षं अशा पाहण्यांच्या कामावर होते. बीड जिल्ह्यातल्या एका घरी कारभारी अंगणात बाजेवर बसून उत्तरं देत होते, बायको उंबऱ्यात उभी. तेल किती लागलं विचारलं, ते म्हणाले दोन किलो. आतून आवाज आला, "दोन कुठलं, दीडच आणलं की." मीठ-मिरचीपासून सगळा हिशोब तिला तोंडपाठ होता. जमीन, कर्ज आणि ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल यांचे प्रश्न आले आणि ती गप्प झाली. मग अंडी. आठवड्यात सहा. घरात माणसं पाच, म्हणजे माणशी एकाहून थोडी जास्त. निघताना हापशावर ती भेटली, तेव्हा मी सहज विचारलं, अंडी कोण खातं? "मालक आन् पोरगा. पोरीला देते कधीमधी." तिनं स्वतःचं नाव घेतलं नाही. आमच्या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता. आम्ही सहा अंडी लिहिली आणि पुढच्या घरी गेलो.

घर हे एकक कुणी बायकांवरच्या दुष्टाव्यातून ठरवलेलं नाही, हेही सांगायला हवं. १९५० साली संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकारानं राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तेव्हा एवढ्या मोठ्या देशात घरोघरी जाऊन खर्च नोंदवणं हेच अचाट काम होतं. आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये याच आकड्यांवरून, माणशी रोज २,२५० कॅलरी धरून, गरिबी किती खोल आहे ते दाखवलं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या गोष्टीला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली.

ऊसतोडीचं उदाहरण घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीच्या हिशोबात दोघं मिळून एकच. उचल जोडप्याच्या कामावर मिळते, ठरवतो आणि घेतो बहुतेक वेळा नवरा. दिवसभर मोळ्या बांधून त्या डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या बाईची मजुरी वेगळी अशी कुठे दिसतच नाही. मग पाहणीत ती वेगळी कशी दिसणार? शिवाय दिवाळीनंतर ही घरं कुलूपबंद असतात, नाहीतर मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला, तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि बीडमध्ये बायकांची स्वतंत्र आरोग्य तपासणी करावी लागली. खाडा झाला की दंड, म्हणून पाळीचीच कटकट नको, हे कारण बायकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. घरखर्चाच्या कुठल्याही तक्त्यातून ते कधीच बाहेर आलं नसतं.

श्रमशक्ती पाहणीत फक्त घरकाम करणाऱ्या व्यक्तीला ९२ हा संकेतांक देतात. घरकामासोबत सरपण आणणं, घरच्यासाठी शिवणटिपण असं काही करत असेल तर ९३. दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेर, म्हणजे काम करणाऱ्यांत किंवा काम शोधणाऱ्यांत त्यांची गणती नाही. आणि २०२४ ची वेळ-वापर पाहणी सांगते की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात कमी, त्या थोड्यांची ही ८८ मिनिटं.

"घरातलं कोण सांगणार?" असं म्हणून हे सोडून देतात, ते मला पटत नाही. विचारलं तर सांगतात. भारत मानव विकास सर्वेक्षणानं २००४-०५ मध्ये चाळीस हजारांवर घरं गाठली आणि २०११-१२ मध्ये त्यातल्या बहुतेक घरांत पुन्हा जाऊन बायकांशी बोलणं केलं. आधी कोण जेवतं, घराच्या कागदावर तुमचं नाव आहे का, हातात खर्चायला रोख असते का, असे प्रश्न त्यात आहेत. कुटुंब आरोग्य पाहणीत मारहाणीबद्दल घरातल्या एकाच बाईला, तीही एकटी असेल तरच विचारतात. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. म्हणजे रीत ठाऊक आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. खर्चाच्या पाहणीतली सगळी नकोत, थोडी घरं निवडा. तिथे कपडे, दवाखाना, शिक्षण, अंडी-दूध-मटण माणसागणिक नोंदवा. जमीन आणि घर कुणाच्या नावावर आहे ते लिहा. प्रश्नावली आधीच लांब आहे, लोक कंटाळतात, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणूनच थोडी घरं म्हणते.

आणि आपल्या दारी पाहणीवाली मुलगी आली तर तिला वॉचमनकडून परत पाठवू नका. मोठ्या सोसायट्यांची दारं उघडत नाहीत, म्हणून श्रीमंतांचा खर्चही पाहणीत पुरता येत नाही, हे वेगळंच दुखणं. तिला आत घ्या, पाणी द्या आणि घरातल्या सुनेला तिच्याशी एकटीला बोलू द्या.

अर्थशास्त्र, समाजशास्त्राच्या एम.ए.च्या मुलामुलींसाठी: या पाहण्यांचा घरनिहाय डेटा मोफत उतरवून घेता येतो. कुणाला ऊसतोड घरांवर काम करायचं असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. प्रश्नावली बनवायला मी सोबत बसेन.