म्हणे पुरावाच नाही!

परत तोच मेसेज फिरतोय. 'क्रोएशियाच्या बॉर्डरवर पोलीस निर्वासितांना मारतात ही एनजीओवाल्यांनी रचलेली स्टोरी आहे, पुरावा शून्य. बेकायदा घुसणाऱ्याला कसले हक्क? आणि फटके दिल्याशिवाय ऐकतात का ते?' वर 'विचार करा' असंही लिहिलंय. बरं, करू.

पुरावा शून्य? कौन्सिल ऑफ युरोपची छळ रोखण्यासाठीची एक कमिटी आहे, सीपीटी. ती एनजीओ नाही, सरकारांनीच करार करून नेमलेली आहे आणि क्रोएशिया स्वतः त्या करारात आहे. ही कमिटी ऑगस्ट 2020 मध्ये तिथे गेली, पलीकडे बोस्नियात ढकलून दिलेल्या लोकांना भेटली, डॉक्टर बरोबर होते, त्यांनी अंग तपासलं तर पाठीवर दोन समांतर रेषांचे वळ, म्हणजे दंडुका बसला की उठतात तसे. हात बांधलेले असतानाच कोराना नदीत (कोरोना नाही, कोराना) ढकलून दिल्याचं लोकांनी सांगितलं, तेही रिपोर्टमध्ये आहे. मग ऑक्टोबर 2021 मध्ये व्हिडिओच आला. तोंडावर मास्क, अंगावर बिल्ला-बिल्ला काही नाही, आणि माणसांना झोडपत बोस्नियाकडे हाकलतायत. त्यानंतर क्रोएशियाने आपलेच तीन पोलीस सस्पेंड केले. बनाव होता तर कशाला केले?

आणि पुरावा कमी का असतो तेही बघा ना. कायद्याने परत पाठवलं तर नाव लिहावं लागतं, ऑर्डर निघते, अपील करता येतं. पुशबॅकमध्ये, म्हणजे असं परस्पर हाकलून देण्यात, यातलं काहीच नाही, गाडीत कोंबायचं, बॉर्डरवर उतरवायचं, पळा. कागदच होऊ द्यायचा नाही आणि मग कागद कुठाय म्हणून विचारायचं! नोव्हेंबर 2017 मध्ये एका अफगाण कुटुंबाला रात्री रेल्वेच्या रुळांवरून सर्बियाकडे परत जायला लावलं, त्यांची सहा वर्षांची मुलगी ट्रेनखाली गेली. पोलीस म्हणाले, रेकॉर्डिंग नाही. ते खरं का हे तपासणाऱ्यांनी पाहिलंच नाही, पोलिसांच्या गाडीचा जीपीएससुद्धा कुणी बघितला नाही. स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क कोर्टाने 2021 मध्ये या केसमध्ये क्रोएशियाला दोषी धरलं.

बेकायदा घुसला म्हणून हक्क संपले, हे तर सरळ चूक आहे. 1951 च्या निर्वासित कराराचं कलम 31 वाचा, जिवाच्या भीतीने थेट पळून आलेला माणूस लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झाला आणि योग्य कारण दिलं तर विनापरवाना आला एवढ्यावरून त्याला शिक्षा करता येत नाही. मग सगळ्यांनाच आत घ्यायचं का? नाही हो, कोण म्हणतंय? अर्ज ऐका, बसत नसेल तर फेटाळा आणि रीतसर पाठवा. ते स्ट्रासबर्गचं कोर्ट काही भोळं नाही, मोरोक्कोला लागून असलेल्या स्पेनच्या मेलिया शहराच्या कुंपणावरून झुंडीने घुसलेल्यांच्या केसमध्ये 2020 साली निकाल स्पेनच्या बाजूनेच लागला. पण मारायची परवानगी त्यातही नाही.

राहिलं 'फटक्यांशिवाय ऐकत नाहीत'. बोस्नियाच्या बिहाचमध्ये अडकलेली पोरं बॉर्डर ओलांडून क्रोएशियात शिरायच्या प्रयत्नाला 'गेम' म्हणतात आणि मार खाऊन आलेली पोरं परत निघतात, कितीतरी वेळा. म्हणजे थांबवायला म्हणून मारत असतील तर तेही जमत नाहीये. आणि सीपीटीने लिहिलंय की लोकांना बूट काढून घेऊन, नुसत्या चड्डीवर, काहींना तर नागडं करून परत पाठवल्याच्या तक्रारी आहेत. बूट काढून घेतल्याने कुठली सीमा राखली जाते, हे त्या फॉरवर्डवाल्याने जरा सांगावं.